फावल्या वेळचें विज्ञान : गणितानें घडविलेला रेडिओ

बिनतारी संदेशांचा नाद आपल्याकडे नवा नाहीं. मुंबईचें ध्वनिक्षेपण-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि त्यानंतरच्या काळांत कित्येक हौशी तरुणांनीं पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून, स्फटिकाच्या खड्यावर बारीक सुई टेकवून, दूरचें गाणें कानांत उतरविलें. पुढें व्हॉल्व्ह आले, मग ट्रान्झिस्टर आले. परंतु रेडिओ बांधणें म्हणजे तारा, वेटोळीं व सुटे भाग जोडणें, हा अर्थ मात्र कायम राहिला. हा अर्थच आतां पालटला आहे. जें काम पूर्वीं वेटोळीं करीत तें आज संगणक बेरीज-गुणाकारानें करतो. या प्रकारच्या यंत्रास ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ’ असें म्हणतात. आपण सोयीसाठीं त्यास ‘गणिती रेडिओ’ म्हणूं.

या छंदाचा शिरकाव आतां सामान्य घरांतही होऊं लागला आहे. घरांतील एखादा मुलगा वा मुलगी अंगठ्याएवढी एक डबी मागविते, ती संगणकास जोडते, गच्चीवर दोन सळया बांधते, आणि पडद्यावर रंगीबेरंगी रेघा पाहत तासन् तास बसून राहते. वडील मंडळींच्या मनांत अशा वेळीं साहजिकच तीन प्रश्न उभे राहतात. हें आहे तरी काय? यांतून निष्पन्न काय होणार? आणि यांत गैर असें कांहीं नाहीं ना? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचीं उत्तरें क्रमानें देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि ज्यांना या छंदास आरंभ करावयाचा आहे त्यांना वाटेंत त्याची रीतही सांगितली जाईल.

यंत्राचें मर्म

अँटेनेवर एकाच क्षणीं शेंकडों ठिकाणच्या लहरी येऊन आदळत असतात. त्यांतून हवी ती वेंचावयाची, हें प्रत्येक रेडिओचें पहिलें काम. दुधांतून पाणी निराळें करणाऱ्या हंसाचेंच हें काम आहे, म्हणा ना! त्यासाठीं आलेली लहर प्रथम खालच्या पट्टींत आणावी लागते. ती कशी, हें तंबोरा जुळविणारांस चटकन् उमजेल. दोन तारा किंचित् बेसूर असल्या म्हणजे त्यांच्या एकत्रित नादांत एक मंद हेलकावा ऐकूं येतो. त्या हेलकाव्याची गति म्हणजे दोन्ही तारांच्या कंपनसंख्यांतील फरक होय. रेडिओच्या पोटांतही एक स्वतःची लहर निर्माण केलेली असते; बाहेरची लहर तिच्याशीं मिसळली कीं दोहोंच्या फरकाएवढ्या मंद गतीची तिसरी लहर मिळते. सेकंदास दहा कोटी कंपनें असलेली लहर अशा रीतीनें हाताळण्याजोगी होते.

येथपर्यंत जुना व नवा रेडिओ यांत फारसें अंतर नाहीं. अंतर पडतें तें यापुढें. जुना रेडिओ ही मंद लहर एकामागून एक गाळण्यांतून नेतो व शेवटीं तिच्यांतून आवाज काढतो. प्रत्येक गाळणी म्हणजे एक ठराविक सुटा भाग. ती बदलावयाची तर यंत्र उघडावें लागतें. नवा रेडिओ त्या लहरीचें तत्काळ मोजमाप करतो आणि तीं मापें संगणकाच्या स्वाधीन करतो. हौशी मंडळींच्या साध्या डबींत ही मोजणी सेकंदाला सुमारें २४ लक्ष वेळां होते, आणि प्रत्येक वेळीं एक नव्हे, दोन आकडे नोंदले जातात.

दोन कशासाठीं? घड्याळाच्या तासकाट्याचें उदाहरण घेऊं. काट्याचें टोंक मध्यबिंदूपासून किती उंच आहे एवढेंच कोणी सांगितलें, तर तीन वाजले कीं नऊ हें कळणार नाहीं. दोन्ही वेळां उंची सारखीच असते. उंचीबरोबर तें उजवीकडे वा डावीकडे किती आहे हेंही सांगितलें म्हणजे शंका उरत नाहीं. लहरीचेंही तसेंच आहे. दोन आकडे हातीं आले कीं तिचा ‘काटा’ कोणत्या क्षणीं कोठें होता हें संपूर्ण कळतें. मग पुढील सारें गणितच. काट्याची लांबी कशी कमीजास्त होते हें मोजलें कीं ए.एम. पद्धतीचें भाषण ऐकूं येतें; काटा किती झपाट्यानें फिरतो हें मोजलें कीं एफ.एम.चें गाणें ऐकूं येतें. त्याच आकड्यांवर तिसरें गणित चालविलें तर विमानाचा ठावठिकाणा कळतो, चौथें चालविलें तर उपग्रहानें घेतलेलें ढगांचें चित्र उमटतें. डबी तीच; बदलतें तें केवळ गणित. या छंदाचें सगळें मर्म एवढ्यांत आहे.

या मोजमापाचा पसाराही लक्षांत घेण्याजोगा आहे. सेकंदास २४ लक्ष मोजण्या, प्रत्येकीं दोन आकडे, म्हणजे सेकंदास ४८ लक्ष आकडे झाले. एक तासभर ते सांठवून ठेवावयाचे म्हटलें तर १७ गिगाबाइटांहून अधिक जागा लागते. साधा घरगुती संगणक हें ओझें सहज उचलतो, म्हणूनच हा छंद आज शक्य झाला आहे.

स्वस्ताईची कथा

अमेरिकन इंजिनिअर जोसेफ मिटोला यांनीं १९९२ च्या सुमारास या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली, तेव्हां ती सैन्यखात्याच्या व मोठ्या प्रयोगशाळांच्याच आवांक्यांतील होती. ती विद्यार्थ्याच्या खिशापर्यंत आली ती एका गमतीच्या योगायोगानें. युरोपांत संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं एक स्वस्त डबी निघाली होती. तिच्यांत रिअलटेक कंपनीची आर.टी.एल.२८३२यू ही चकती असे. ही चकती चित्र न जुळवितां कच्चीं मापें जशींच्या तशीं संगणकाकडे पाठवूं शकते, असें फिनलंडमधील अँटी पालोसारी यांच्या ध्यानीं २०१२ सालीं आलें. ती सोय मुळांत त्या डबींतूनच एफ.एम. ऐकतां यावें म्हणून ठेवलेली होती. लागलीच स्टीव्ह मार्कग्राफ व ऑस्मोकॉम मंडळांतील त्यांचे सहकारी यांनीं तिचा उपयोग करणारा कार्यक्रम लिहून सर्वांस खुला केला. हजारों डॉलरांच्या यंत्राचें काम वीस डॉलरांची डबी करूं लागली. कोणा एका कंपनीनें हें दान दिलें नाहीं. जिज्ञासु माणसांनीं तें शोधून काढिलें व शोधलेलें वांटून टाकिलें, हें मुलांना अवश्य सांगावें.

आरंभ कसा करावा

पहिली पायरी बिनखर्चाची आहे. नेदर्लंड्समधील ट्वेंटे विद्यापीठानें २००८ पासून आपला गणिती रेडिओ इंटरनेटद्वारें जगास खुला केला आहे. त्यावर एकाच वेळीं अनेक श्रोते आपआपल्या इच्छेची लहर लावून ऐकूं शकतात, एकाची दुसऱ्यास अडचण होत नाहीं. आठ-पंधरा दिवस त्यावर हात फिरवावा. पडद्यावर लहरींचा जो ‘धबधबा’ वरून खालीं सरकतांना दिसतो तो वाचावयास येथें शिकतां येतें. बारीक उभी रेघ म्हणजे नुसती वाहक लहर, दोन्ही बाजूंस सारखे पंख असलेली रेघ म्हणजे ए.एम.चें भाषण, तुटक-तुटक ठिपके म्हणजे मोर्सचे संदेश, ही ओळख डोळ्यांना लवकरच पटते. एवढ्यानें मन रमलें नाहीं तर छंद येथेंच सोडावा, पैसा वांचला.

मन रमलें तर डबी घ्यावी. आर.टी.एल.-एस.डी.आर. या नांवानें ती मिळते व कांहीं हजार रुपयांत काम होतें. घेतांना तीन गोष्टी पाहाव्या: वेष्टण धातूचें असावें, आंतील कंपक तापमानानें न ढळणारा असावा, आणि विकणारा विश्वासू असावा, कारण नामांकित डब्यांच्या हुबेहुब नकला बाजारांत पुष्कळ आहेत. कंपकाची अट निरर्थक नाहीं. साध्या स्फटिकाची चूक दशलक्षांत ५० भाग असली तर १०० मेगाहर्ट्झच्या ठिकाणीं ती ५ किलोहर्ट्झ भरते व केंद्र भलत्याच जागीं दिसतें. चांगल्या कंपकाची चूक दशलक्षांत एखाद्या भागाएवढीच असते.

साधारणतः ही डबी २४ पासून सुमारें १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी घेते. याखालील लघुलहरींसाठीं निराळी सोय लागते. कांहीं नव्या डब्यांत ती आंतच केलेली असते. ज्यांना रात्रीच्या वेळीं परदेशचीं लघुलहरी केंद्रें ऐकण्याची आवड आहे त्यांनीं खरेदीपूर्वीं याची चौकशी करावी.

आतां संगणकाची तयारी. विंडोजवर एस.डी.आर.शार्प, लिनक्सवर जी.क्यू.आर.एक्स., आणि दोहोंवर एस.डी.आर.प्लसप्लस हे कार्यक्रम चालतात व ते फुकट मिळतात. विंडोजवर मात्र एक अडथळा येतो. संगणक त्या डबीस दूरचित्रवाणीचें यंत्र समजून तसाच चालक बसवितो. तो काढून योग्य चालक बसविण्यासाठीं झाडिग नांवाचा छोटा कार्यक्रम आहे. त्यांत नेमकी आपली डबीच निवडावी, नाहींतर माउस वा कळफलक मुका व्हावयाचा.

पहिला पाठ घरच्या एफ.एम. केंद्राचा. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत गांवचें केंद्र शोधावें. आवाज आला म्हणजे झालें असें मात्र समजूं नये. त्या आवाजापलीकडे, १९ किलोहर्ट्झवर, एक सूक्ष्म रेघ दिसते. ती कानाला ऐकूं येत नाहीं, परंतु डावा-उजवा ध्वनि निराळा करण्याची खूण तीच. ५७ किलोहर्ट्झच्या आसपास कित्येक केंद्रें आपलें नांव अक्षरांत पाठवीत असतात. वर्षानुवर्षें ऐकलेल्या गाण्याखालीं एवढा कारभार चालला होता, हें डोळ्यांनीं पाहण्यांत खरा आनंद आहे.

या पाठांतच ‘गेन’ची, म्हणजे आवर्धनाची, जाण येते. डबीजवळचा तराजू फार बारीक नाहीं. प्रत्येक माप २५६ पायऱ्यांतच बसवावें लागतें. सनईच्या शेजारीं बसून कोपऱ्यांतील कुजबुज ऐकूं पाहावी, तशी जवळच्या प्रबळ केंद्रासमोर दुबळ्या लहरीची गत होते. नवशिके आवर्धन शेवटपर्यंत चढवितात आणि पडद्यावर खोट्या केंद्रांची जत्रा भरते. तें हळूहळू चढवावें. खालची गुरगूर वाढूं लागतांच थांबावें.

सळई आणि सावधगिरी

पैसे डबीवर न घालतां अँटेनेवर लक्ष घालावें, हा या छंदांतील पहिला धडा आहे. सळईची लांबी काढण्याची रीत सोपी आहे: ७५०० या संख्येस मेगाहर्ट्झनें भागावें, उत्तर सेंटिमीटरांत येतें. १०० मेगाहर्ट्झच्या एफ.एम.साठीं ७५ सेंटिमीटर. विमानांच्या १०९० मेगाहर्ट्झसाठीं सातांहूनही किंचित् कमी. प्रत्यक्षांत सळई थोडी आंखूड ठेवावी लागते. गच्चीवर वा खिडकीबाहेर मोकळ्या जागीं ती उभी केली तर घरांतल्यापेक्षां पुष्कळच फरक पडतो. वळिवाच्या व पावसाळ्याच्या दिवसांत मात्र आभाळ भरून येण्यापूर्वींच तार सोडवून ठेवावी. विजेशीं थट्टा चालत नाहीं.

दुसरा शत्रु घरांतच असतो. स्वस्त एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सारे रेडिओच्या दृष्टीनें अखंड बडबड करणारे आहेत. त्याचा शोध लावण्याचा उत्तम उपाय असा: संगणक बॅटरीवर चालवावा आणि घरच्या मंडळींच्या संमतीनें एकेका खोलींतील दिवे-चार्जर बंद करीत जावें. धबधब्यावरील धुकें कोणत्या क्षणीं निवळतें हें एकानें पाहावें व दुसऱ्यानें बटणें दाबावीं. एकत्र कुटुंबांत माणसांचा तोटा नसतो. या खेळांत आजोबांपासून लहानग्यांपर्यंत सर्वांस काम मिळतें, आणि दोषी दिवा सांपडला म्हणजे सर्वांसच हंसूं येतें.

काय काय ऐकूं येतें

विमानें दर अर्ध्या सेकंदास आपलें स्थान १०९० मेगाहर्ट्झवर जाहीर करीत असतात. डंप१०९० हा कार्यक्रम तीं वाचून नकाशावर मांडतो. दहा किलोमीटर उंचीवरील विमान क्षितिजाआड जाण्यापूर्वीं तीनशें किलोमीटरांहूनही दूर असूं शकतें. म्हणून पुण्यास बसून अरबी समुद्रावरील विमान दिसलें तर आश्चर्य मानूं नये.

हवामानाच्या उपग्रहांविषयीं एक खुलासा करणें अवश्य आहे. जुन्या पुस्तकांत व लेखांत अमेरिकेच्या नोआ-१५, १८ व १९ या उपग्रहांकडून चित्रें घेण्याची कृति सांगितलेली असते. ते तिन्ही उपग्रह २०२५ सालीं निवृत्त करण्यांत आले. आतां त्यांची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. रशियाचे मीटिअर मालिकेंतील उपग्रह मात्र १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच अंकी पद्धतीनें चित्रें पाठवितात व सॅटडंप हा कार्यक्रम तीं उलगडतो. त्यासाठीं सुमारें ५३ सेंटिमीटरांच्या दोन सळया एकमेकींशीं १२० अंशांचा कोन करून आडव्या, उत्तर-दक्षिण रोखानें बांधाव्या. उपग्रह डोक्यावरून दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. येतांना त्याची लहर किंचित् वरच्या पट्टींत व जातांना खालच्या पट्टींत दिसते. जवळ येऊन दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा जो नियम, तोच येथें डोळ्यांस दिसतो. पुस्तकांतील डॉप्लरचा सिद्धांत मुलास मग पाठ करावा लागत नाहीं.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील हौशी रेडिओ १४५.८ मेगाहर्ट्झवर अधूनमधून ऐकूं येतो. जुलै २०२५ मध्यें शुभांशु शुक्ला यांनीं याच हौशी रेडिओच्या द्वारें भारतांतील विद्यार्थ्यांशीं संभाषण केलें होतें.

आणि ज्यास याहूनही दूरचें ऐकावयाचें आहे त्याच्यासाठीं साक्षात् आकाशगंगा आहे. उदासीन हायड्रोजनचे अणु १४२०.४ मेगाहर्ट्झची लहर सोडतात. व्हान डी हुल्स्ट यांनीं १९४४ सालीं हें भाकित केलें आणि इवेन व पर्सेल यांनीं १९५१ सालीं हार्वर्ड येथें खिडकीबाहेर एक कर्णा लावून ती लहर पकडली. तीच लहर आज लहानशी तबकडी, एक चांगला आवर्धक व ही डबी एवढ्या सामग्रीवर, तासभर मापांची सरासरी काढून, हौशी मनुष्यास पडद्यावर दाखवितां येते. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण आपल्या महाराष्ट्राचें भूषण आहे. तेथेंही आकाशांतून आलेल्या लहरींचे आकडे करून त्यांवर संगणक गणित करतात. खोडदची दुर्बीण व घरची डबी यांत सूर्य-काजव्याचें अंतर आहे खरें, परंतु दोघांचें शास्त्र एकच आहे.

गैर काय व योग्य काय

आतां तिसरा प्रश्न. आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. ही डबी केवळ ऐकते, बोलत नाहीं. परंतु ऐकण्यासही मर्यादा आहेत. जें सर्वांसाठीं प्रसारित केलेलें आहे, उदाहरणार्थ नभोवाणी, हवामानाचीं चित्रें, हौशी मंडळींचें संभाषण, तें ऐकावें. जें दुसऱ्या कोणासाठीं आहे, मग तें पोलिसांचें असो, सैन्याचें असो वा शेजाऱ्याच्या कोण्या यंत्राचें असो, तें कानीं पडण्याजोगें असलें तरी ऐकूं नये. दाराशीं चुकून आलेलें परक्याचें पत्र आपण फोडीत नाहीं. तें फोडणें सोपें असतें म्हणून कांहीं तें योग्य ठरत नाहीं. घरांत हा नियम पहिल्याच दिवशीं, डबी जोडण्यापूर्वीं, सांगितला जावा.

कायद्याची बाजूही विसरूं नये. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई होती. साध्या रेडिओसाठींही पोस्टांत दरसाल फी भरून पुस्तकावर तिकिट लावून घेतल्याचें आजच्या आजोबा-आजींस आठवत असेल. रेडिओची ती फी पुढें रद्द झाली. जुन्या कायद्यांच्या जागीं संसदेनें २०२३ सालीं दूरसंचार अधिनियम संमत केला. म्हणून खरेदीपूर्वीं दूरसंचार विभागाचे चालू नियम वाचावे व त्याप्रमाणें वागावें. वडील मंडळींनीं ते मुलांबरोबर बसून वाचले तर अधिक चांगलें. आणि संदेश पाठवूं शकणाऱ्या यंत्रास परवान्यावांचून हात लावूं नये.

ज्यास बोलण्याची इच्छा असेल त्याला सरळ मार्ग खुला आहे. सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारी चालकाचा, म्हणजे ‘हॅम’चा, परवाना मिळवितां येतो. हा परवाना म्हणजे नुसती हौस नव्हे. डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामीनें अंदमान-निकोबारचे दूरध्वनि कोलमडले, तेव्हां हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअर येथें गेलेल्या श्रीमती भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या यंत्रांवरून संदेशांची वाट मोकळी ठेविली; आप्तांच्या खुशालीच्या बातम्या कित्येक घरांस त्यांच्याच द्वारें मिळाल्या. छंद म्हणून शिकलेली विद्या संकटांत अशी उभी राहते.

राहिला निष्पन्न काय होतें हा प्रश्न. त्याचें उत्तर वर ओघानेंच आलें आहे. मोबाइल व दूरचित्रवाणी आपणांस जें दाखवितात तें आपण घेतों. तें कसें आलें हें विचारीत नाहीं. या छंदांत प्रत्येक आवाज आपण स्वतः गणितानें उकलून काढावा लागतो. त्रिकोणमिति कशासाठीं शिकावयाची, असें विचारणाऱ्या मुलास तिचा उपयोग कानांनीं ऐकूं येतो. शिवाय एके काळीं रेडिओभोंवतीं सारें घर एकत्र बसे. आतां प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र बोंडें असतात. उपग्रह येण्याची वेळ झाली म्हणून गच्चीवर चार माणसें जमलीं, एकानें सळई धरली, एकीनें संगणक सांभाळला, आणि पंधरा मिनिटांनीं पडद्यावर अरबी समुद्रावरचे ढग उमटलेले सर्वांनीं मिळून पाहिले, तर त्या संध्याकाळचें मोल डबीच्या किंमतीहून खचितच अधिक आहे.

तेव्हां मुलांनीं ही डबी मागितली तर, वर सांगितलेल्या मर्यादा नीट समजावून, ती त्यांस अवश्य घेऊन द्यावी. उपग्रहाचीं चित्रें घेण्याची सळयांची अँटेना घरच्या घरीं कशी बांधावी, हें पुढील अंकीं सविस्तर पाहूं.